तिघींमधली मधली

पाचवीत मी नव्या शाळेत गेले, त्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते. हजेरी घेता घेता बाईंचं पेन माझ्या नावापाशी थांबलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, ‘‘तू तिची धाकटी बहीण का गं?’’

‘तिची’ म्हणजे माझ्या ताईची. ताई याच शाळेत माझ्या तीन वर्षं पुढे होती. स्कॉलरशिपच्या फळ्यावर तिचं नाव, वक्तृत्वाच्या ढालीवर तिचं नाव, स्नेहसंमेलनाच्या नाटकात राणीही तीच. मी मान हलवली. बाई खूश होऊन म्हणाल्या, ‘‘वा! मग तुझी काही काळजीच नाही.’’

सहामाहीत मला गणितात शंभरापैकी एकेचाळीस मार्क पडले. पेपर हातात देताना बाई म्हणाल्या, ‘‘अगं, तू नक्की तिचीच बहीण ना?’’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मोरीत तोंड धुवायला गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

बाई काही दुष्ट नव्हत्या. ताईची तर मुळीच चूक नव्हती. उलट वार्षिक परीक्षेआधी रोज संध्याकाळी तिनंच माझ्याकडून गणितं करून घेतली. पण त्या शाळेत माझं नाव बरेच दिवस ‘तिची बहीण’ हेच राहिलं.

तुमच्यात असे कितीजण आहेत? ‘अमक्याचा भाऊ’, ‘तमकीची बहीण’, ‘डॉक्टरांचा मुलगा’, ‘मोठ्या बाईंची मुलगी’? हात वर करा बरं! मला इथून दिसत नाहीत, पण खूप हात वर झाले असणार. आजची गोष्ट खास तुमच्यासाठी. ती आहे नॅटली टॅलमॅज नावाच्या अमेरिकन मुलीची. तिची थोरली बहीण प्रसिद्ध, धाकटी बहीण प्रसिद्ध, मेहुणा बडा निर्माता आणि नवरा तर जगाला हसवणारा नट. अशा घरात मधली म्हणून जगायचं, म्हणजे काय होत असेल?

आई आणि तीन मुली

न्यूयॉर्क शहराचा एक भाग आहे, ब्रुकलिन. तिथे टॅलमॅज नावाचं एक गरीब कुटुंब राहत होतं. आईचं नाव मार्गारेट, पण सगळे तिला पेग म्हणत. तिला तीन मुली. १८९४ साली नॉर्मा झाली, १८९६ साली नॅटली आणि १८९८ साली कॉन्स्टन्स. म्हणजे नॅटली अगदी मधोमध. थोरलीचा मान नाही आणि शेंडेफळाचे लाडही नाहीत!

बापाचं घरात लक्ष नव्हतं. असं सांगतात, की एका नाताळच्या सकाळी खायला काहीतरी घेऊन येतो म्हणून तो घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही. पेग मोठी खमकी बाई. तिनं लोकांचे कपडे धुतले, घरातल्या खोल्या भाड्यानं दिल्या, चित्रकलेच्या शिकवण्या घेतल्या, दारोदार पावडरी-क्रीम विकली. पण तिन्ही मुलींना वाढवलं.

त्या वेळी सिनेमा नुकता बाळसं धरत होता. पडद्यावरची माणसं हलायची, पण बोलायची नाहीत. म्हणून ते मूकपट. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ साली. ही गोष्ट सुरू होते त्याच्या तीनेक वर्षं आधी. मूकपटाचं एक रीळ संपून दुसरं लावेपर्यंत लोक कंटाळू नयेत, म्हणून अमेरिकेतल्या थिएटरांत एक गंमत चाले. एक गवई गाणं म्हणे आणि पडद्यावर त्या गाण्याला शोभतील अशी रंगवलेली चित्रं काचेच्या पट्ट्यांवरून दाखवली जात. त्या चित्रांसाठी कुणाला तरी फोटोला उभं राहावं लागे. शाळेत जाणारी देखणी नॉर्मा या कामाला लागली. चार पैसे घरात येऊ लागले.

पेगनं हे बरोबर हेरलं. ब्रुकलिनमध्येच ‘व्हायटाग्राफ’ नावाच्या कंपनीचा मोठा स्टुडिओ होता. नॉर्माला घेऊन तिनं थेट तोच गाठला. १९११ साली डिकन्सच्या कादंबरीवरच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या मूकपटात नॉर्माची छोटीशी भूमिका होती. पण लोकांनी तिला लक्षात ठेवलं. थोड्याच वर्षांत ती रडवणाऱ्या, गंभीर भूमिकांची राणी झाली. तिच्या पाठोपाठ धाकटी कॉन्स्टन्सही स्टुडिओत शिरली. ती होती खोडकर, हसरी. १९१६ साली दिग्दर्शक ग्रिफिथनं ‘इनटॉलरन्स’ हा प्रचंड मोठा मूकपट काढला. त्यात कॉन्स्टन्स डोंगरातली एक दांडगी मुलगी झाली होती. तिनं त्यात चक्क रथ पळवला! मग विनोदी सिनेमांत तिचा जम बसला.

म्हणजे रडवायला नॉर्मा आणि हसवायला कॉन्स्टन्स. आता मधलीनं काय करायचं?

तीन मजल्यांची इमारत

१९१६ साली नॉर्माचं लग्न जोसेफ स्केंक नावाच्या माणसाशी झालं. हा हुशार धंदेवाईक. त्यानं बायकोच्या नावानं चित्रपट कंपनी काढली आणि न्यूयॉर्कमध्ये ४८व्या रस्त्यावर एका इमारतीत स्टुडिओ थाटला. ही इमारत मला फार आवडते, कारण नॅटलीची सगळी गोष्ट जणू तिच्यात मांडून ठेवली आहे. तळमजल्यावर नॉर्माच्या सिनेमांचं चित्रण चाले. तिथे अश्रू. वरच्या मजल्यावर कॉन्स्टन्सच्या सिनेमांचं. तिथे खिदळणं. आणि सगळ्यात वर ‘फॅटी’ आर्बकल या लठ्ठ विनोदी नटाच्या छोट्या सिनेमांचं. तिथे तर पिठाची पोती फुटायची आणि माणसं टणाटण आपटायची!

आणि नॅटली? ती या स्टुडिओत सेक्रेटरी होती. दोन बहिणींच्या नावानं कंपन्या चालायच्या, आणि त्याच इमारतीत ती कचेरीचं काम बघायची.

कधी बहिणींच्या सिनेमात एखादी छोटी भूमिका असली, की ती मेकअप करून कॅमेऱ्यासमोर जाई. १९१९ साली नॉर्माच्या ‘द आइल ऑफ कॉन्क्वेस्ट’मध्ये ती दिसली. १९२० साली नॉर्माच्या ‘यस ऑर नो?’मध्ये आणि कॉन्स्टन्सच्या ‘द लव्ह एक्स्पर्ट’मध्येही. मुख्य भूमिका अर्थातच बहिणींच्या.

आता एक सांगा. स्टुडिओत सेक्रेटरीचं काम करणारी मुलगी ‘मागे पडलेली’ कशी? शेकडो मुली त्या वेळी कचेऱ्यांत नोकऱ्या करून घर चालवत होत्या. त्यांना कुणी बिचाऱ्या म्हणत नव्हतं. नॅटली दुसऱ्या एखाद्या कचेरीत असती, तर तीही एक कामसू मुलगी म्हणून ओळखली गेली असती. पण ती होती टॅलमॅज. त्यामुळे प्रत्येकजण तिला मोजायचा तो तळमजल्याच्या आणि वरच्या मजल्याच्या मापानं.

गंमत बघा. १९२४ साली आई पेगनं स्वतः मुलींवर एक पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच तिन्ही मुलींची नावं आहेत. कोणत्या क्रमानं? नॉर्मा, कॉन्स्टन्स, नॅटली. थोरली, मग धाकटी आणि मग मधली! आईनं काही मुद्दाम केलं नसेल. पण घरात नावं कोणत्या क्रमानं घेतली जातात, ते मुलं बरोबर ऐकत असतात. हो की नाही?

न हसणारा नवरा

१९१७ साली या इमारतीत एक बुटका, सडपातळ तरुण आला. तोंडावर हसू म्हणून नाही. नाव बस्टर कीटन. तुम्ही चार्ली चॅप्लिन पाहिला असेल, लॉरेल आणि हार्डीही पाहिले असतील. कीटन त्यांच्याच तोडीचा. १८९५ साली जन्मलेला हा पोरगा लहानपणापासून आई-वडिलांबरोबर रंगमंचावर काम करायचा. काम कसलं? बाप त्याला उचलायचा आणि फेकायचा! उचलायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असायची. आपण पडलो आणि हसलो, तर लोक कमी हसतात. चेहरा दगडासारखा ठेवला, तर लोक लोटपोट होतात, हे त्याला तेव्हाच कळलं. पुढे जन्मभर पडद्यावर त्याचा चेहरा तसाच राहिला.

कीटन फॅटी आर्बकलकडे काम करू लागला, आणि तिथेच त्याची आणि नॅटलीची ओळख झाली. मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून तो फ्रान्सला जाऊन आला. परत आल्यावर स्केंकनं त्याला स्वतःचे सिनेमे काढायला दिले. ३१ मे १९२१ रोजी कीटन आणि नॅटली यांचं लग्न झालं. लग्न कुठे झालं? थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या घरी!

आता नॅटलीची नवी ओळख तयार झाली. आधी ‘नॉर्मा आणि कॉन्स्टन्सची बहीण’. आता ‘बस्टर कीटनची बायको’. माणूस तेच, पाटी तेवढी बदलली.

धबधब्याच्या काठावर

आणि मग १९२३ साल आलं. कीटननं एक मोठा सिनेमा काढायचं ठरवलं, ‘अवर हॉस्पिटॅलिटी’, म्हणजे आमचा पाहुणचार. आणि नायिका म्हणून घेतलं नॅटलीला. बहिणीच्या मागे उभी राहणारी मुलगी नव्हे, कुणाची मैत्रीण नव्हे. नायिका!

सिनेमाची गोष्ट ऐका. काळ आहे रेल्वे नुकती सुरू झाली तेव्हाचा. दोन घराण्यांत पिढ्यान् पिढ्यांचं वैर. एका घराण्याचा शेवटचा वारस, म्हणजे कीटन, लहानपणीच दूर नेला गेलेला. मोठेपणी तो वडिलांची मालमत्ता ताब्यात घ्यायला गावी निघतो. गाडीत शेजारी एक गोड मुलगी बसलेली असते. दोघांची दोस्ती होते. ती त्याला जेवायला बोलावते. तो जातो आणि बघतो तर काय, ती शत्रूची मुलगी! तिचे वडील आणि भाऊ त्याला ठार मारायला टपलेले. पण त्या घराची रीत अशी, की घरात आलेल्या पाहुण्याला धक्का लावायचा नाही. मग हा पठ्ठ्या घराबाहेर पाऊलच टाकत नाही! काही ना काही निमित्त काढून तो आतच राहतो आणि घरचे लोक त्याला बाहेर काढायला नाना युक्त्या करतात.

या सिनेमातली रेल्वे म्हणजे एक धमाल आहे. त्या काळातल्या ‘रॉकेट’ या इंजिनासारखं इंजिन बनवून घेतलं होतं. गाडी इतकी हळू चालते, की कीटनचा कुत्रा डब्याखालून आरामात पळत तिच्याबरोबर येतो. एके ठिकाणी रुळाशी एक गाढव ठाण मांडून उभं आहे. ते हलेना, तेव्हा गाडीवाले काय करतात? रूळच बाजूला सरकवतात! डब्यात कीटनची उंच टोपी छताला आपटून सारखी चेपते आणि शेजारी बसलेली नॅटली शांतपणे प्रवास करते.

या सिनेमात जवळजवळ सगळं घरच कामाला लागलं होतं. इंजिनाचा ड्रायव्हर झाले होते कीटनचे वडील. सुरुवातीच्या दृश्यात दिसणारं बाळ म्हणजे कीटन आणि नॅटलीचा एक वर्षाचा मुलगा. आणि नॅटलीच्या पोटात दुसरं बाळ होतं. ते १९२४ सालच्या फेब्रुवारीत जन्मलं. म्हणजे या सिनेमात काम करताना ती गरोदर होती. चित्रण होतं कॅलिफोर्नियातल्या ट्रकी नदीकाठी, भर डोंगरात.

शेवटी नायिका होडीतून वाहत धबधब्याकडे जाते. कीटन कमरेला बांधलेल्या दोरानं कड्यावरून झोका घेतो आणि नेमक्या क्षणी तिला पकडतो. हा धबधबा स्टुडिओतच उभारलेला होता आणि त्या क्षणी वाहत येणारी नायिका म्हणजे एक बाहुली होती. पण नदीतला पुराचा प्रसंग मात्र खरा. कीटनला धरून ठेवणारी तार तुटली आणि तो खरोखरच वाहून गेला. माणसांनी धावत जाऊन त्याला वाचवलं. कॅमेरा चालूच होता. कीटननं तो तुकडा सिनेमात तसाच ठेवला!

शेवटचं दृश्य सांगू की नको? सांगतेच. नॅटलीचे वडील आणि भाऊ पिस्तुलं घेऊन खोलीत घुसतात, आणि बघतात तर तिचं आणि कीटनचं पाद्र्यानं लग्न लावून टाकलेलं! वडिलांचं लक्ष भिंतीवरच्या चौकटीकडे जातं. तिथे लिहिलेलं असतं, शेजाऱ्यावर प्रेम करा. ते पिस्तूल खाली ठेवतात. मग कीटनही आपल्या खिशांतून, कमरेतून, कुठून कुठून एकेक पिस्तूल काढत टेबलावर मांडत सुटतो.

हा नॅटलीचा शेवटचा सिनेमा. त्यानंतर ती पडद्यावर पुन्हा दिसली नाही.

मोठं घर, लहान होत गेलेली गोष्ट

पुढचं जरा भरभर सांगते, कारण ते फार आनंदाचं नाही. कीटन-नॅटलीनं हॉलिवुडजवळ बेव्हर्ली हिल्समध्ये एक महालासारखं घर बांधलं. दोन मुलं वाढत होती. १९२८ साली कीटननं स्वतःची कंपनी सोडून एका बलाढ्य चित्रपट कंपनीशी करार केला. तिथे त्याला मनासारखं काम करता येईना. तो दारूच्या आहारी गेला. संसारात आधीपासून कुरबुरी होत्याच. १९३२ साली दोघांचा घटस्फोट झाला.

नॅटलीनं मुलांना आपल्याकडे ठेवलं आणि त्यांचं आडनाव बदललं. कीटनची मुलं टॅलमॅज झाली. इथे मी थबकते. ज्या आडनावाच्या सावलीत ती जन्मभर उभी होती, तेच आडनाव तिनं आपल्या मुलांना दिलं. म्हणजे त्या नावाचा तिला जाच झाला म्हणावं, की ते नाव तिला आपलं वाटत होतं म्हणावं? मला वाटतं, दोन्ही. सावली देणारं झाड शेवटी आपल्याच अंगणातलं असतं ना!

तोवर सिनेमा बोलू लागला होता. १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’नंतर मूकपटांचे दिवस भरले. नॉर्मानं दोन बोलपट केले, ते चालले नाहीत, आणि १९३० सालानंतर तिनं सिनेमा सोडला. कॉन्स्टन्सनं तर एकही बोलपट केला नाही. तिनं नॉर्माला तार केली होती, की नशिबाला आता जास्त ताणू नकोस. आईनं आपल्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत, ते टीकाकार काढून घेऊ शकत नाहीत! बघितलंत? लोकांचे कपडे धुऊन दिवस काढणाऱ्या पेगनं मुलींची कमाई नीट बांधून ठेवली होती.

नॉर्मा १९५७ साली गेली. नॅटली १९ जून १९६९ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी. कॉन्स्टन्स १९७३ साली.

सावली सरकते

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगितलीच नसती. खरी गंमत पुढे आहे.

मूकपट ज्या फितीवर असत, ती फीत नायट्रेटची. ती भसकन पेट घेते, नाहीतर पडून पडून चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. शिवाय बोलपट आल्यावर जुनी रिळं सांभाळायची कुणाला पडली होती? अमेरिकेतल्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नं २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात असं दिसलं, की अमेरिकेत बनलेल्या मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे सत्तर टक्के मूकपट पूर्णपणे नाहीसे झाले आहेत. शंभरातले सत्तर!

नॉर्माचे आणि कॉन्स्टन्सचे काही सिनेमे संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. पण बघतं कोण? अभ्यासक आणि जुन्या सिनेमांचे काही वेडे. एके काळी ज्यांच्या पोस्टरसमोर गर्दी उसळायची, त्या दोघींची नावं आज सर्वसामान्य लोकांना माहीतही नाहीत.

कीटनचं मात्र उलटं झालं. म्हातारपणी जगानं त्याला पुन्हा शोधून काढलं. नॅटली आणि तो ज्या महालात राहत, तो नंतर जेम्स मेसन या इंग्लिश नटानं विकत घेतला, आणि तिथे कीटनच्या जुन्या सिनेमांची रिळं सापडली! १९६६ साली कीटन वारला, तोवर त्याचे मूकपट पुन्हा दाखवले जाऊ लागले होते. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ आजही जगभर दाखवला जातो. मुलं हसतात. कुत्रा पळतो, गाढव अडतं, धबधबा कोसळतो. आणि गाडीच्या डब्यात कीटनच्या शेजारी जी मुलगी बसलेली दिसते, ती नॅटली.

म्हणजे तिन्ही बहिणींमध्ये आज सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला चेहरा बहुधा मधलीचा असेल. सेक्रेटरीचा!

आता तुम्ही म्हणाल, ‘‘म्हणजे शेवटी नॅटली जिंकली!’’ थांबा. मीही आधी असंच म्हणणार होते. पण नीट विचार केला, तर तेही खरं नाही. तिचा सिनेमा टिकला, तो नवऱ्याच्या नावामुळे. बहिणींचे सिनेमे लोक विसरले, ते त्या वाईट नट्या होत्या म्हणून नव्हे. सिनेमाच बदलला म्हणून. मग या शर्यतीत कोण जिंकलं आणि कोण हरलं? मला वाटतं, ही शर्यतच नव्हती. लोकांनी तिला उगीच शर्यत बनवलं. सकाळी झाडाची सावली एकीकडे पडते, संध्याकाळी दुसरीकडे. सावलीत उभ्या असलेल्या माणसाची उंची त्यामुळे कमी-जास्त होत नाही.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात टॅलमॅज नावाची एक वस्ती आहे. १९२०च्या दशकात ती वसवताना या तिन्ही बहिणींची नावं तिथल्या रस्त्यांना दिली. नॉर्मा ड्राइव्ह, कॉन्स्टन्स ड्राइव्ह आणि नॅटली ड्राइव्ह. आजही तिथे लोक राहतात, सकाळी दूधवाटी करतात, मुलांना शाळेत सोडतात. तिथल्या पोस्टमनला नॅटली ड्राइव्ह म्हणजे नॅटली ड्राइव्हच. ‘नॉर्माच्या बहिणीचा रस्ता’ नव्हे!

पालकहो, एवढं तुमच्यासाठी

(मुलांनो, हा भाग तुम्ही वाचला नाहीत तरी चालेल. पण तुम्ही वाचणारच, मला माहीत आहे.)

आपण तुलना करतो, ती बहुतेक वेळा रागानं नाही, सवयीनं. ‘‘दादा बघ कसा आपणहून अभ्यासाला बसतो.’’ ‘‘ताईला कधी सांगावं लागलं नाही.’’ आपल्या तोंडून वाक्य निघून जातं आणि आपण कुकरची शिट्टी मोजायला लागतो. पण ज्याला उद्देशून ते म्हटलेलं असतं, त्याच्याजवळ ते वाक्य राहतं. आणि एक लक्षात घ्या, त्यानं त्या दादाचं आणि ताईचंही बरं होत नाही. सतत दुसऱ्याची फूटपट्टी होऊन राहणं काही सुखाचं नसतं. माझी ताई मोठेपणी मला एकदा म्हणाली, ‘‘तुला एकेचाळीस मार्क पडले, तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. मला एकेचाळीस पडायची परवानगीच नव्हती.’’ मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटत होतं, सावलीत फक्त मीच आहे!

तेव्हा या आठवड्यात एक करून बघा. घरात दोन-तीन मुलं असतील, तर जेवायला हाक मारताना नावांचा क्रम बदला. एके दिवशी मधल्याचं नाव आधी घ्या. बघा तरी, कोणाचा चेहरा कसा होतो ते!

आणि दोस्तांनो, हे तुमच्यासाठी

‘अवर हॉस्पिटॅलिटी’ बघायला मिळाला, तर जरूर बघा. इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही, मूकपटच तो! गाडीच्या डब्यातलं दृश्य आलं, की एक क्षण कीटनच्या टोपीवरची नजर काढा आणि शेजारच्या मुलीकडे बघा. आणि मनातल्या मनात तिचं नाव घ्या. ‘कीटनची बायको’ नाही, ‘नॉर्माची बहीण’ नाही. नॅटली.

आणि हो, पुढच्या वेळी वर्गात कुणी नवीन आलं आणि त्याचा भाऊ तुम्हाला माहीत असला, तरी पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. आधी त्याचं नाव विचारा. मग त्याला काय आवडतं ते विचारा. भाऊ काय, नंतर भेटेलच की!

तुम्हाला कुणी ‘अमक्याची बहीण’ किंवा ‘तमक्याचा भाऊ’ म्हणतं का? तेव्हा तुम्हाला काय वाटतं? मला पत्र लिहून कळवा. पत्राखाली स्वतःचं नाव लिहा, चांगलं मोठ्या अक्षरात.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमची,
मावशी